वाम, अहीर आणि मारमाही : नदीतून खोल समुद्राकडे जाणाऱ्या वाटेचा इतिहास

बुलडाणा जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना जातो. आमच्याकडे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे जिल्ह्याचे दोन भाग लोक सहज बोलता बोलता करतात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडं पडलेलं पाणी पूर्णेत जातं, पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्रात उतरते. घाटावर, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा चिखली-मेहकरकडून पूर्वेला वळते. ती चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात जाते. माझं जानेफळ मेहकर तालुक्यातलं, म्हणजे घाटावरचं. अरबी समुद्र आम्हाला जवळ असला तरी आमच्या नदीचं सासर दूरच्या पूर्व किनाऱ्यावर आहे.

हा नकाशा मी वर्गात नेहमी काढतो. भूगोल माझा विषय नाही, मी भाषा शिकवतो. पण एका माशाच्या नावांचा पाठपुरावा करताना मला हा नकाशा लागला. तो मासा म्हणजे वाम. नदीच्या त्या वाटेचं दुसरं टोक खोल समुद्रात आहे, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी या वाटेची दखल घेतलेली नाही.

एक नाव, तीन मासे

आमच्या आठवडी बाजारात भोई बांधव लांब, सापासारखा, पाठीवर बारीक काट्यांची रांग असलेला मासा विकतात. त्याला कोणी वाम म्हणतं, कोणी बाम. मुसलमान मोहल्ल्यात तो 'बाम मछली' होतो. हा तळ्याचा, नदीचा मासा. त्याचं सगळं आयुष्य गोड्या पाण्यात जातं. दिसायला सापासारखा असला तरी प्राणिशास्त्राच्या हिशेबात तो खऱ्या वामींच्या कुळातला नाही.

मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या बाजारात वाम मागितली तर वेगळाच मासा मिळतो. ती समुद्राची वाम, जबडा लांब, दात तीक्ष्ण, आणि वाढली तर माणसाच्या उंचीलाही येते. ती किनाऱ्याजवळच्या चिखलाच्या तळावर राहते. ही मात्र खरी वाम.

तिसरा मासा कोकणातल्या नद्यांत आणि गोदावरीच्या खोऱ्यातही सापडतो. मराठीत त्याला अहीर म्हणतात. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली आणि बंगालवरून त्याला नाव दिलं, 'अँग्विला बेंगालेन्सिस'. अहीरही खरी वाम आहे. तो वर्षानुवर्षं नदीत, डोहात, दगडाच्या कपारीत राहतो, रात्री बाहेर पडून बेडूक, खेकडे, मासे खातो. पण त्याच्या पोटात नदीत कधीच पिकलेली अंडी सापडत नाहीत.

नावांची गंमत पाहा. लॅटिनमधलं 'अँग्विला' सापाच्या नावावरून आलं. फारसीत या माशाला 'मारमाही' म्हणतात. 'मार' म्हणजे साप आणि 'माही' म्हणजे मासा. उर्दूच्या जुन्या कोशांत तोच शब्द मिळतो. मराठीतला 'अहीर' ऐकताना संस्कृतातला 'अहि' कानात वाजतोच. इतक्या दूरच्या लोकांनी हा मासा पाहिला आणि प्रत्येकाला आधी साप आठवला. त्यामुळेच तो खावा की नाही, हा प्रश्नही जुना आहे. हनफी फिक्हच्या 'कुदूरी' आणि 'हिदाया' या ग्रंथांत मारमाहीचं नाव घेऊन ती खायला हरकत नसल्याचं नोंदलेलं आहे. शिया फिक्हमध्ये खवले नसलेले मासे वर्ज्य, म्हणून तिथं मारमाही चालत नाही. धर्मशास्त्राच्या पुस्तकात एखाद्या माशाचा नावानिशी उल्लेख येतो याचा अर्थ लोक बाजारात तो पाहत होते, घरी नेत होते आणि शंका विचारत होते.

पोटात अंडी नसलेला मासा

ही वाम जन्मते कुठे, हा प्रश्न मात्र खाण्याच्या प्रश्नाहून कठीण होता. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वामी कापून पाहिल्या. त्याला ना अंडी दिसली ना वीर्य. त्याने निष्कर्ष काढला की वाम चिखलातून, ओल्या मातीतून आपोआप निपजते. नवव्या शतकात बगदादमध्ये ॲरिस्टॉटलचे प्राण्यांवरचे ग्रंथ अरबीत आले. पुढे इब्न सीनाने आपल्या 'शिफा' या ग्रंथात प्राण्यांवरचा मोठा भाग लिहिला. ज्ञान एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलं, प्रश्नही त्यासोबत गेला. उत्तर कुठल्याच भाषेत नव्हतं, कारण ते जमिनीवर नव्हतंच.

उत्तराकडे पहिली पावलं इटलीत पडली. १६८४ मध्ये फ्रांचेस्को रेदी यांनी लिहिलं की वामी समुद्रात जाऊन अंडी घालतात आणि पिल्लं नदीत परततात. १७७७ मध्ये बोलोन्याच्या कार्लो मोंदिनी यांनी वामीची अंडाशयं ओळखली. नराचं कोडं आणखी शंभर वर्षं टिकलं. १८७६ मध्ये विशीचा एक विद्यार्थी त्रिएस्ते बंदरात बसून सुमारे चारशे वामी कापत होता, त्यांचे वृषण शोधत होता. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड. माणसाच्या मनाचा तळ शोधणाऱ्या माणसाने सुरुवात वामीच्या पोटापासून केली होती.

१८९६ च्या सुमारास जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी यांनी मेसिनाच्या सामुद्रधुनीतल्या एका माशाचं कोडं सोडवलं. तोवर शास्त्रज्ञ विड्याच्या पानासारख्या चपट्या, काचेसारख्या पारदर्शक एका लहान जीवाला वेगळ्याच जातीचा मासा समजत होते. ग्रासींनी दाखवलं की ते वामीचं पिल्लू आहे. पान हळूहळू आक्रसतं, गोल होतं आणि बोटभर लांबीची, अजूनही पारदर्शक 'काच-वाम' होऊन नदीच्या मुखाशी येते.

मग डेन्मार्कचे योहानेस श्मिट यांनी उलट दिशेने शोध सुरू केला. १९०४ मध्ये फॅरो बेटांच्या पश्चिमेला त्यांच्या जाळ्यात असंच एक पिल्लू आलं. त्यांनी साधा तर्क लावला. पिल्लू जितकं लहान, तितकं जन्मस्थान जवळ. त्यांनी मालवाहू जहाजांच्या कप्तानांना जाळी दिली, स्वतः वर्षानुवर्षं अटलांटिक पालथा घातला, मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. १९२० ते १९२२ च्या मोहिमेअखेर त्यांना सर्वांत लहान पिल्लं सापडली ती अमेरिकेच्या पूर्वेला सारगासो समुद्रात. युरोपच्या प्रत्येक ओढ्यातली वाम तिथं जन्मते. तिथला तळ काही किलोमीटर खोल आहे. आजपर्यंत कोणीही तिथं वामींना अंडी घालताना पाहिलेलं नाही.

मुंबईत बांधलेलं जहाज

युरोपचा हा इतिहास इंग्रजीत पुष्कळ सांगितला जातो. आपल्याकडच्या पाण्याचा इतिहास त्यामानाने मुका आहे, म्हणून तो इथं मांडतो.

१८८१ मध्ये मुंबईच्या गोदीत एक लाकडी, चाकांवर चालणारी आगबोट बांधली गेली. तिचं नाव 'इन्व्हेस्टिगेटर'. या गोदीला वाडिया घराण्याच्या पारशी कारागिरांची दीड शतकाची परंपरा होती. जहाजाचं मुख्य काम किनाऱ्यांची मोजणी आणि नकाशे. पण तिच्यावर एक डॉक्टर नेमला जाई आणि वेळ मिळेल तसं खोल पाण्यात जाळं टाकून जीव गोळा करणं हेही त्याचं काम असे. १८८८ ते १८९२ या चार वर्षांत ही जागा आल्फ्रेड विल्यम ॲल्कॉक यांच्याकडे होती. नंतर ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख झाले. १८९९ मध्ये त्यांनी भारतीय खोल समुद्रातल्या माशांची सूची काढली आणि १९०२ मध्ये जहाजावरच्या दिवसांचं पुस्तक लिहिलं.

ॲल्कॉक यांच्या जाळ्यात खोल समुद्राच्या वामीही आल्या. एकीचं तोंड त्यांना घडियालसारखं वाटलं, म्हणून तिला त्यांनी 'गॅव्हियालिसेप्स' म्हटलं. दुसरीचं डोकं बेडकासारखं रुंद, म्हणून ती 'कोलोकाँगर रॅनिसेप्स'. दोन्ही नावं १८८९ ची. घडियाल आणि बेडूक! समुद्राच्या पोटातल्या जीवाला नाव देताना माणूस पुन्हा आपल्या नदीकाठीच आला.

त्या काळच्या जहाजांवर दोर सोडणारे, ओढणारे हात कोणाचे होते? मुंबईहून निघणाऱ्या आगबोटींवर कोकणातले मुसलमान मोठ्या संख्येने नोकरीला असत. रत्नागिरी-रायगडच्या किती तरी घरांत आजोबा-पणजोबा बोटीवर होते. त्यांचे शब्द मराठीत आजही आहेत. खलाशी अरबी-फारसीतून आला, सारंग फारसी 'सरहंग'वरून, दर्यावर्दी फारसी 'दरियानवर्द'वरून. खोल पाण्यातलं जाळं वर यायला तासन् तास लागत. ते ओढणाऱ्यांची नावं माशांना मिळाली नाहीत. ॲल्कॉक यांचं श्रेय यामुळे कमी होत नाही, पण शास्त्राच्या इतिहासात दोराच्या एका टोकाला कोण होतं एवढंच लिहिलं गेलं, हे लक्षात ठेवायला हवं.

तळाच्या घरात

ही खोल वामींची घरं कशी असतात? दर दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. हजार मीटरवर तो शंभरपट होतो. दोनशे मीटरनंतर उजेड विरत जातो आणि हजार मीटरखाली सूर्याचा प्रकाश पोहोचतच नाही. पाणी फ्रिजमधल्यासारखं गार. अन्न म्हणजे वरून पडणारं मेलेलं-सडलेलं, किंवा एकमेकांना खाणं.

या घरात राहायला वामीने अनेक रूपं घेतली. एक वाम सुतासारखी बारीक, तिच्या कण्यात सातशेच्या वर मणके आणि चोचीसारखे जबडे टोकाला मिटतच नाहीत. दुसरी जवळजवळ नुसतं तोंडच, स्वतःच्या बेताची शिकार गिळायला पिशवीसारखा जबडा आणि शेपटीच्या टोकाला मिणमिणता दिवा. काही वामी समुद्रतळाच्या उतारावर राहतात आणि वरून पडलेलं मढं वासावरून शोधतात. २००५ मध्ये पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांजवळ, पाण्याखालच्या एका ज्वालामुखीत नव्याने उभ्या राहिलेल्या सुळक्यावर शास्त्रज्ञांना शेकडो वामींची वस्ती दिसली. त्या ज्वालामुखीवर जगत नव्हत्या. प्रवाहाने वाहून आणलेली कोळंबीसारखी बारीक जिवावळ खात होत्या.

आपल्या अरबी समुद्राची अडचण आणखी वेगळी. १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' नावाचं इजिप्तचं जहाज सप्टेंबरात अलेक्झांड्रियाहून निघालं आणि पुढच्या मे महिन्यात परतलं. मोहीम जॉन मरे यांच्या नावाची, प्रमुख सेमूर सेवेल, जे आधी भारताच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक होते. खलाशी इजिप्तचे. सोबत दोन इजिप्ती शास्त्रज्ञ होते, डॉक्टर हुसेन फौजी आणि रसायनशास्त्राचे अब्देल फत्ताह मोहम्मद. अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ मधल्या खोलीवर त्यांना जवळजवळ निर्जीव पट्टा लागला. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू फारच कमी आहे. वर भरपूर जीव, खाली पुन्हा जीव आणि मध्ये हा गुदमरवणारा थर. खोल समुद्र सगळीकडे एकसारखा नसतो, तिथंही वस्त्या आणि ओसाड माळ आहेत. हुसेन फौजींनी नंतर या सफरीवर अरबीत पुस्तक लिहिलं आणि स्वतःला आजचा सिंदबाद म्हटलं. सिंदबादच्या समुद्रात, सिंदबादच्या भाषेत लिहिणारा शास्त्रज्ञ. आमच्या उर्दूच्या वर्गात सिंदबाद परीकथा म्हणून येतो. फौजींबद्दल सांगितलं की मुलांना तो समुद्र खरा वाटू लागतो.

बाळंतपण माहेरी

आता अहिराकडे परत येऊ. श्मिट यांचंच 'डाना' जहाज १९२८ ते १९३० मध्ये जगाच्या फेरीवर निघालं आणि हिंदी महासागरातही आलं. सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला, जिथं तळ एकदम खोल जातो, तिथं त्यांना आपल्याकडच्या अँग्विला वामींची पिल्लं मिळाली. १९४२ मध्ये येस्पर्सन यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अटलांटिकला सारगासो आहे, जपानच्या वामीसाठी मारियाना बेटांच्या पश्चिमेचा समुद्र आहे, जिथं २००९ मध्ये त्सुकामोतो आणि सहकाऱ्यांना समुद्रात प्रथमच वामीची अंडी मिळाली. आपल्या बाजूला बोट ठेवायला ही सुमात्राजवळची खोल जागा आहे.

२०१० मध्ये इनोउए आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून वामींची वंशावळ मांडली. नदीतल्या अँग्विला वामींचे सर्वांत जवळचे नातलग निघाले ते खोल समुद्राच्या मधल्या थरात पोहणाऱ्या वामी, म्हणजे तीच सुतासारखी चोचवाली आणि तीच पिशवीतोंडी. किनाऱ्यावरची, बाजारातली समुद्री वाम त्यामानाने लांबची.

याचा अर्थ काय? नदीतला अहीर मुळात खोल समुद्राचा मासा आहे. त्याच्या पूर्वजांना नदीत खायला भरपूर मिळालं म्हणून ते वर आले, राहिले, वाढले. पण अंडी घालायचं घर त्यांनी बदललं नाही. आपल्याकडे लेक कितीही सुखात नांदत असली तरी पहिलं बाळंतपण माहेरी होतं. अहिराच्या मादीचंही तसंच. वर्षानुवर्षं नदीत काढल्यावर एका पावसाळ्यात तिचे डोळे मोठे होतात, अंग चंदेरी होतं, ती खाणं सोडते, आतडी आक्रसतात आणि पुराच्या पाण्यासोबत ती निघते. अशा प्रवासातल्या युरोपी वामींना यंत्रं लावून पाहिलं तेव्हा त्या रात्री दोन-तीनशे मीटर आणि दिवसा सहाशे मीटर किंवा त्याहून खोल पोहताना आढळल्या. रोज उतरणं, रोज चढणं, पोटात अन्नाचा कण नाही. अंडी घातली की आयुष्य संपतं. या माहेरवाशिणीला परत पाठवणी नाही. परततात ती तिची पिल्लं, ज्यांनी ती नदी कधी पाहिलेली नाही.

वाट कोणी अडवली

समुद्र इतका मोठा की तिथं ती वाट सापडते. अडचण नदीत आहे. गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरमला १८४७ ते १८५२ मध्ये आर्थर कॉटन यांनी बंधारा बांधला. त्याने गोदावरीचा त्रिभुज प्रदेश पिकवला आणि दुष्काळाच्या छायेतल्या लाखोंना अन्न दिलं. तिकडे कॉटन यांचे पुतळे आहेत ते उगीच नाहीत. पण समुद्रातून येणाऱ्या बोटभर काच-वामीसाठी ती पहिली भिंत होती. पुढे कालेश्वरमच्या खाली, प्राणहितेचं पाणी गोदावरीत मिसळल्यावर लगेच, २०१९ मध्ये मेडीगड्डा बॅरेज उभं राहिलं. पैनगंगेवर १९८० च्या दशकात इसापूरचं मोठं धरण आलं, आणि आमच्या मेहकर तालुक्यात पेनटाकळीचंही धरण आहे.

लहान वाम मोठी चिवट असते. ओल्या खडकावरून सरपटत ती धबधबाही चढते. सहस्रकुंडसारखा निसर्गाचा कडा तिला थांबवेलच असं नाही, कारण तिथं कपारी आहेत, शेवाळ आहे, बाजूने झिरपणारं पाणी आहे. सिमेंटच्या उभ्या, कोरड्या भिंतीत ते काहीच नसतं. आणि वरची मोठी मादी खाली निघाली तर तिच्यापुढे दरवाजे बंद, किंवा वीजघराची पाती.

धरण नको असं मी म्हणत नाही. मेहकर तालुक्यात राहणारा माणूस ते म्हणू शकत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं काय असतं ते आम्हाला कळतं. पण धरणाच्या बाजूने दगड-काथ्याचा ओला उतार ठेवता येतो, पावसाळ्यात काही रात्री एखादा दरवाजा थोडा उघडता येतो. युरोपात आणि जपानमध्ये अशा वामींच्या शिड्या आहेत. त्यांना खर्च लागतो, पण धरणाच्या खर्चापुढे तो किरकोळच. अट एकच, धरण बांधणाऱ्याला त्या वाटेवरून कोणी जातं हे माहीत असलं पाहिजे.

खरं अडतं ते तिथंच. आमच्या भोई समाजाच्या म्हाताऱ्यांकडे नदीतल्या माशांची नावं, त्यांचे महिने, त्यांचे डोह यांची मोठी शिदोरी आहे. ती कुठल्या प्रकल्प अहवालात जात नाही, शाळेच्या पुस्तकात येत नाही. 'वाम' या एका शब्दाखाली तीन मासे दडलेत, त्यातला एक गेला तरी शब्द तसाच राहतो आणि गेल्याचं कोणाला कळत नाही. भाषा शिकवणाऱ्याला हे जास्त खुपतं. शब्द जिवंत दिसतो आणि त्यातला जीव निघून गेलेला असतो.

म्हणून मी वर्गात मुलांना त्या नकाशावर बोट ठेवायला लावतो. मेहकर, इसापूर, सहस्रकुंड, वर्धा, प्राणहिता, गोदावरी, धवळेश्वरम, बंगालचा उपसागर आणि पुढे सुमात्रा. मग सांगतो, घरी जाऊन आजोबांना विचारा, त्यांनी पकडलेल्या वामीच्या पाठीवर काटे होते की नव्हते. काटे असले तर तो आपल्याच तळ्यातला मासा. नसले तर ती सुमात्राहून आलेली पाहुणी होती, आणि तिचं साल, तिचा डोह वहीत लिहून आणा. नदीचा इतिहास धरणाच्या उद्घाटनाच्या पाटीवर अर्धाच असतो. उरलेला अर्धा अशा वह्यांतच लिहावा लागेल, तो सांगणारे म्हातारे आहेत तोवर.